युद्धगस्तीवर निघालेल्या पाणबुडीला आदेश काय असतो?

प्रश्न असा आहे: युद्धात पाणबुडी गस्तीला निघते तेव्हा कप्तानाच्या हातात मोहोरबंद पाकीट देतात हे खरं का? त्यात काय लिहिलेलं असतं? आणि बोट एकदा पाण्याखाली गेली की आदेश बदलायचा झाला तर तो पोचवतात कसा?

नौदलात माझी उमेदीची वर्षं पाणबुड्यांवर गेली. सुरुवात रशियन फॉक्सट्रॉट बोटींवर झाली, आणि पुढे किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटींसाठी आदेश तयार करण्याचं कामही केलं. आमच्या वेळचे कागद इथे उघडता येणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन गस्त-अहवाल, १९७१च्या लढाईचा आपल्या नौदलाने प्रसिद्ध केलेला इतिहास, फॉकलंडच्या लढाईवर झालेली जाहीर चर्चा, एवढं साहित्य आज कुणालाही वाचता येतं. त्यातल्याच गोष्टी घेऊन सांगतो.

आधी पाकिटाचं. मोहोरबंद आदेश असतात, पण कप्तान पाकीट फोडेपर्यंत अंधारात असतो असं सहसा होत नाही. निघण्यापूर्वी तो कारवाई विभागाच्या अधिकाऱ्यांसोबत बसलेला असतो, चार्ट पाहिलेले असतात, कुठे उथळ पाणी आहे, कुठे सुरुंग असण्याची शक्यता आहे याची चर्चा झालेली असते. गुप्तता असते ती बंदरापासून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुड्यांवरच्या बहुतेक खलाशांना आपण कुठे चाललो आहोत हे किनारा मागे पडल्यावरच कळत असे. बंदरातल्या गप्पा किती लवकर पसरतात हे कुठल्याही नाविकाला सांगायला नको.

आदेशाचा साचा ठरलेला असतो: परिस्थिती, कामगिरी, कामाचा तपशील, रसद, आणि शेवटी संपर्काची व्यवस्था. यातला रसदीचा भाग वाचायला सर्वांत कंटाळवाणा आणि चुकला तर सर्वांत महाग. पर्ल हार्बरहून निघालेल्या अमेरिकन बोटी मिडवे बेटावर थांबून इंधन भरून घेत आणि मग जपानकडे वळत. २४ टॉर्पेडो, साधारण दोन महिन्यांचं अन्न, आणि परत येण्यापुरतं डिझेल, या हिशेबात गस्त बसवलेली असे.

पहिल्या परिच्छेदाकडे, म्हणजे परिस्थितीकडे, लोक फारसं लक्ष देत नाहीत. तिथे शत्रू कुठे आहे याबद्दल मुख्यालयाचा अंदाज असतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. १९७१च्या नोव्हेंबरात पाकिस्तानची ‘गाझी’ कराचीहून निघाली ती आपली विमानवाहू ‘विक्रांत’ शोधायला. वळसा घालून ती थेट विशाखापट्टणमपर्यंत आली. विक्रांत तेव्हा अंदमानात लपवलेली होती. आपल्या पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी जुन्या ‘राजपूत’ विनाशिकेकडून विक्रांतच्या नावाने बिनतारी संदेश पाठवण्याची व्यवस्था केली होती, त्यामुळे कराचीतल्या लोकांचा अंदाज पक्का होत गेला. गाझीच्या लोकांनी कामात कसूर केली असं म्हणायला जागा नाही. त्यांना जे शोधायला पाठवलं ते तिथे नव्हतं. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती बोट विशाखापट्टणमच्या तोंडाशी ९३ जणांसह बुडाली.

आता मुख्य मुद्दा. मला विचाराल तर आदेशाचा जीव असतो क्षेत्रात. बाहेरच्या माणसाला वाटतं की आदेश म्हणजे ‘जा आणि बुडव’. प्रत्यक्षात कप्तान सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा वाचतो ती अक्षांश-रेखांशांची चौकट. या चौकटीत तुझ्याशिवाय आपली दुसरी पाणबुडी नाही, म्हणून तिथे पाण्याखाली जे काही ऐकू येईल ते शत्रूचं. आणि चौकटीबाहेर पाऊल पडलं की शत्रू तूच. कारण आपल्या विमानांना, आपल्या विनाशिकांना, शेजारच्या चौकटीतल्या आपल्या पाणबुडीला हेच सांगितलेलं असतं. पाण्याखालून ‘अरे, मी आपलाच’ असं ओरडता येत नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण उपग्रह नव्हते तेव्हा चौकटीत राहणं हेच मोठं काम होतं. दिवसभर बोट पाण्याखाली ताशी दोन-तीन सागरी मैलांनी सरकते. प्रवाह ताशी एक मैलाचा धरा. पहाटे बुडी मारली आणि काळोख पडल्यावर वर आलात तर बारा तासांत बारा मैल प्रवाहानेच नेलेलं असू शकतं, आणि ते तुम्हाला जाणवतही नाही. वर आल्यावर तारे दिसले तर सेक्स्टंटने जागा ठरवायची. ढग असले तर अंदाजाने. सलग दोन दिवस आभाळ भरलेलं राहिलं की चार्टवर आपली जागा म्हणजे एक टिंब न राहता मोठं वर्तुळ होतं, आणि ते वर्तुळ चौकटीच्या रेषेला कधी टेकतं याकडे डोळा ठेवावा लागतो. म्हणून आम्ही दिलेल्या सीमेच्या आत आपली स्वतःची एक सीमा आखत असू. लाल पेन्सिलीची ती रेघ पहारा बदलताना नव्या अधिकाऱ्याला पहिल्यांदा दाखवली जाई. खोली, वेग, बॅटरी हे सगळं नंतर. आधी ही रेघ इथून किती मैलांवर आहे ते सांग.

ही रेघ किती महत्त्वाची, हे ब्रिटिशांना युद्धाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं. १० सप्टेंबर १९३९च्या रात्री नॉर्वेच्या किनाऱ्यासमोर त्यांच्या पाणबुड्या एका ओळीत, प्रत्येकीला वेगळा पट्टा देऊन, गस्त घालत होत्या. ‘ट्रायटन’च्या कप्तानाला काळोखात एक पाणबुडी दिसली. त्याने दिव्याने ओळख विचारली, पुन्हा विचारली, आणखी एकदा विचारली. वेळेत उत्तर आलं नाही. शेजारची ‘ऑक्स्ली’ तिच्या पट्ट्यात असायला हवी होती, म्हणजे इथे असलेली बोट जर्मनच, असा त्याने हिशेब केला आणि टॉर्पेडो सोडले. ती ऑक्स्लीच होती, आपला पट्टा सोडून सरकलेली. तिचा कप्तान आणि आणखी एक खलाशी, एवढेच दोघे वाचले. त्या युद्धात बुडालेली ही पहिली ब्रिटिश पाणबुडी, आणि तिला बुडवणारीही ब्रिटिशच. चौकशीत ट्रायटनच्या कप्तानाला दोष दिला गेला नाही. आदेशाप्रमाणे त्याने जे करायला हवं ते केलं होतं.

उलटंही घडतं. अमेरिकन ‘सीवुल्फ’ ऑक्टोबर १९४४मध्ये मोरोताई बेटाजवळून जात होती, आणि तीही पाणबुड्यांसाठी राखून ठेवलेल्या सुरक्षित पट्ट्यातून. खराब समुद्रामुळे तिला एक दिवस उशीर झाला होता. ३ ऑक्टोबरला बहुधा आपल्याच एस्कॉर्ट जहाजाच्या माऱ्यात ती गेली, सगळ्यांसह. रेघ चार्टवर आखून भागत नाही, ती रेघ पाहणाऱ्या प्रत्येक जहाजाला आणि विमानाला पटलेली असावी लागते. संयुक्त कारवाईचे आदेश लिहिताना माझा सर्वांत जास्त वेळ यातच जात असे.

जाता जाता एक सांगतो. पर्ल हार्बरला पाणबुड्यांच्या कारवाया आखणारे कॅप्टन डिक व्होज यांनी या चौकटींना टोपणनावं दिली होती. लुझॉनच्या सामुद्रधुनीभोवतीचा भाग म्हणजे ‘कॉन्व्हॉय कॉलेज’, कुरील बेटांकडचा ‘पोलर सर्किट’. नुसत्या आकड्यांपेक्षा नाव लक्षात राहतं आणि बोलताना गफलत होत नाही. व्होज स्वतः पाणबुडीचे कप्तान राहिलेले होते. आदेश लिहिणारा माणूस असाच असावा लागतो, ज्याने एकदा तरी दुसऱ्याचा आदेश समुद्रात बसून वाचला आहे.

मग येतं लक्ष्य. कुणाला मारायचं. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर काही तासांतच वॉशिंग्टनहून अमेरिकेचे नौदलप्रमुख अॅडमिरल स्टार्क यांचा एका वाक्याचा आदेश निघाला: जपानविरुद्ध अनिर्बंध हवाई आणि पाणबुडी युद्ध सुरू करा. त्याआधी आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे पाणबुडीने व्यापारी जहाजाला आधी थांबवायचं आणि त्यातल्या माणसांची सोय लागल्याशिवाय ते बुडवायचं नाही, असा नियम होता. अमेरिकेच्या कप्तानांना वर्षानुवर्षं हेच शिकवलेलं. एका वाक्याने ते सगळं बाजूला झालं. पुढे न्यूरेंबर्गला जर्मन अॅडमिरल डोनित्झवर खटला चालला तेव्हा, युद्धात अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख असलेले अॅडमिरल निमित्झ यांनी लेखी उत्तरात सांगितलं की आमच्या पाणबुड्याही पॅसिफिकमध्ये पहिल्या दिवसापासून असंच लढल्या. न्यायालयाने डोनित्झला दहा वर्षांची शिक्षा दिली, पण त्यात पाणबुडी युद्धाच्या नियमभंगाचा हिशेब धरला नाही.

अनिर्बंध म्हटलं तरी प्राधान्यक्रम असतो, आणि तो युद्धासोबत बदलत जातो. जपानला तेलाची चणचण आहे हे लक्षात आल्यावर टँकर वर सरकले. १९४४च्या एप्रिलात विनाशिकांनाही व्यापारी जहाजांच्या वर आणलं, कारण जपानी आरमाराकडे आता विनाशिका पुरेशा नव्हत्या. शिवाय एक अगदी वेगळं काम आदेशात येऊ लागलं: हवाई हल्ल्याच्या दिवशी अमुक बेटाजवळ थांबायचं आणि समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलायचं. अमेरिकन पाणबुड्यांनी युद्धात असे ५०४ वैमानिक व विमानकर्मी वाचवले. त्यातला एक तरुण पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, थोरले जॉर्ज बुश. त्यांना सप्टेंबर १९४४मध्ये ‘फिनबॅक’ने उचललं.

कसं करायचं, हे मात्र चांगल्या आदेशात लिहिलेलं नसतं. ते कप्तानावर सोडलेलं असतं. याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण ‘वाहू’ या अमेरिकन पाणबुडीचं आहे. १६ जानेवारी १९४३ला ती ब्रिस्बेनहून तिसऱ्या गस्तीला निघाली, कप्तान मॉर्टन नव्याने सूत्रं घेतलेले. आदेशात एक ओळ होती: वाटेत न्यू गिनीतल्या वेवाक बंदराची टेहळणी करा. किती जवळून, किती वेळ, काही नाही. बहुतेक कप्तानांनी दिवसभर तोंडाशी थांबून पेरिस्कोपमधून नजर टाकली असती आणि पुढची वाट धरली असती. मॉर्टननी ठरवलं की टेहळणी म्हणजे आत शिरून बघायचं. अडचण एकच होती. वेवाक नेमकं कुठे हे दाखवणारा चार्टच बोटीवर नव्हता. एका इंजिन-खलाशाने ऑस्ट्रेलियात विकत घेतलेला शाळकरी अॅटलास निघाला. त्यातल्या छोट्या नकाशात ते नाव सापडलं. मग कॅमेऱ्याची भिंग आणि संदेशाचा दिवा यांची जुळणी करून तो तुकडा नौदलाच्या चार्टच्या मापात मोठा केला आणि त्यावरून हाताने बंदराचा नकाशा गिरवला. २४ जानेवारीला वाहू पाण्याखालून आत गेली. आत ‘हारुसामे’ ही विनाशिका होती. सोडलेले टॉर्पेडो चुकत गेले, विनाशिका थेट बोटीच्या रोखाने धावून आली, आणि पुढच्या नळ्यांतला शेवटचा टॉर्पेडो समोरून तिच्यावर बसला. ती मोडली, पण जपान्यांनी ती किनाऱ्याला लावून पुढे दुरुस्त केली.

याच गस्तीची दुसरी बाजू आपल्याला माहीत असायला हवी. दोन दिवसांनी वाहूने एक काफिला गाठला आणि त्यातलं ‘बुयो मारू’ हे सैन्यवाहू जहाज बुडवलं. मॉर्टननी नंतर वर येऊन पाण्यातल्या होड्यांवर गोळीबार केला. ती सगळी जपानी फौज आहे अशी त्यांची समजूत होती. त्या जहाजावर हिंदी युद्धकैदीही होते, १६व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतले, सिंगापूर पडलं तेव्हा पकडले गेलेले. जहाजावरच्या ११२६ माणसांपैकी १९५ हिंदी आणि ८७ जपानी मेले. पाण्यात पडलेल्या माणसांचं काय करायचं याबद्दल आदेशात ओळ नव्हती. ती असायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. पद्धत कप्तानावर सोडणं वेगळं आणि माणसांच्या जिवाचा प्रश्न मोकळा ठेवणं वेगळं.

आता आपल्याकडे येतो, कारण प्रश्नाचा रोख तिथेही असणार. १९७१ साली आपल्याकडे चार फॉक्सट्रॉट बोटी होत्या: कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा. खांदेरी आणि करंज ही नावं कोकणच्या माणसाला वेगळी सांगायला नकोत. पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ला दाखल झालेली, म्हणजे आपला पाणबुडी विभाग जेमतेम चार वर्षांचा होता. कमांडर ऑडिट्टो यांची कुरसुरा १३ नोव्हेंबरला निघाली आणि १८ तारखेला गस्तीच्या क्षेत्रात पोचली. ३० तारखेला तिने समुद्रातच करंजची गाठ घेऊन सूचना हवाली केल्या आणि ४ डिसेंबरला ती मुंबईला परतली. युद्ध सुरू झालं ३ तारखेच्या संध्याकाळी. तिची जवळजवळ सगळी गस्त शांततेच्या नियमांखाली गेली.

तिच्यावरची बंधनं बघा. ठरवून दिलेल्या दोन क्षेत्रांतच राहायचं, जहाजांच्या नेहमीच्या मार्गांवर जायचं नाही. पाकिस्तानी व्यापारी जहाज बुडवायचं तर त्यासाठी वेगळा हुकूम यायला हवा. आणि कुठल्याही लक्ष्यावर हल्ला करण्यापूर्वी त्याची खात्रीलायक ओळख पटलेली हवी. ही शेवटची अट कागदावर साधी दिसते. कराचीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांत किती देशांची जहाजं असतात याचा विचार करा. खात्रीने ओळखायचं म्हणजे पेरिस्कोपमधून जहाजाची बांधणी, झेंडा किंवा नाव दिसायला हवं, म्हणजे दिवसाउजेडी, अगदी जवळ जायला हवं. रात्री सोनारवर पंख्याचे फेरे मोजून जहाज लष्करी की व्यापारी याचा अंदाज येतो. कोणत्या देशाचं हे सोनार सांगत नाही. त्या लढाईत आपल्या पाणबुड्यांच्या नावावर एकही जहाज नाही, त्याचं मुख्य कारण मला या अटीत दिसतं. करंजचे कप्तान कमांडर शेखावत यांना वीरचक्र मिळालं आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. धाडसाची किंवा कसबाची उणीव नव्हती.

मग ही अट चुकीची होती का? पुष्कळ जण तसं म्हणतात. मी म्हणत नाही. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या मिसाइल बोटी कराचीवर जाऊन आल्या, ८ तारखेच्या रात्री पुन्हा गेल्या. त्याच पाण्यात आपल्या पाणबुडीने दिसेल त्यावर टॉर्पेडो सोडले असते तर काय होऊ शकलं असतं, याची कल्पना पाकिस्तानच्याच अनुभवावरून येते. ६ डिसेंबरला त्यांच्या विमानांनी त्यांचीच ‘झुल्फिकार’ फ्रिगेट भारतीय मिसाइल बोट समजून गोळ्यांनी विंधली होती. आणि एखादं तटस्थ देशाचं जहाज गेलं असतं तर दिल्लीला त्याचं उत्तर जगभर द्यावं लागलं असतं.

बंधनं त्यांच्याही बाजूला होती. कमांडर अहमद तस्नीम यांची ‘हँगोर’ २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री मुंबईसमोर होती आणि आपला पश्चिमी ताफा तिच्या डोक्यावरून गेला. युद्ध अजून सुरू झालेलं नव्हतं, हल्ल्याची परवानगी नव्हती. त्यांनी ताफा जाऊ दिला. पाणबुडीच्या कप्तानासाठी याहून अवघड आज्ञापालन मला माहीत नाही, आणि शत्रूपक्षाचा असला तरी त्या संयमाची मला कदर वाटते. पुढे हँगोरच्या एका बिनतारी संदेशावरून आपल्या किनाऱ्यावरच्या केंद्रांनी तिची दिशा हेरली. तिला शोधायला ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ गेल्या. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ तिने खुकरीवर टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत जहाज गेलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

या संदेशावरून प्रश्नाच्या शेवटच्या भागाकडे येतो: आदेश बदलायचा कसा. पाणबुडी बोलली की सापडते, म्हणून ती फक्त ऐकते. किनाऱ्यावरचं केंद्र ठरलेल्या वेळी संदेशांची माळ प्रक्षेपित करतं, प्रत्येक संदेशाला क्रमांक, आणि तीच माळ पुन्हा पुन्हा. बोट रात्री बॅटऱ्या चार्ज करायला वर आली, किंवा नुसती पेरिस्कोपच्या खोलीला आली, की अँटेना बाहेर काढून ऐकते. ४१ आला आणि पुढचा ४३, तर ४२ हुकला हे लगेच कळतं आणि पुढच्या फेरीत तो पकडायचा. अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी पाण्यात काही मीटर खोल उतरतात, त्या ऐकायला वर यावं लागत नाही. तमिळनाडूतलं आपलं ‘आयएनएस कट्टबोम्मन’ केंद्र १९९०मध्ये त्यासाठीच सुरू झालं. १९७१ साली आपल्याकडे ती सोय नव्हती. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुरा आता संग्रहालय म्हणून उभी आहे. तिथे गेलात तर टॉर्पेडोच्या नळ्यांपाशी फोटो काढून झाल्यावर बिनतारीची खोलीही नीट पाहा.

या पद्धतीत किनाऱ्यावरच्या माणसाला आपला संदेश पोचला का, आणि पोचला तर तसाच समजला का, हे कळायला काही मार्ग नसतो. म्हणून शब्द जपून वापरावे लागतात. इथे ‘आवा मारू’ची हकिगत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९४५च्या सुरुवातीला अमेरिकेच्याच विनंतीवरून जपानने हे जहाज युद्धकैद्यांसाठी मदतीचं सामान न्यायला दिलं होतं आणि त्याबदल्यात त्याला अभय दिलेलं होतं. बाजूंना पांढरे क्रूस रंगवलेले, रात्री दिवे लावायचे, मार्ग आधी जाहीर केलेला. सिंगापूरहून परत निघताना त्यावर दोन हजारांवर माणसं होती. पर्ल हार्बरहून या जहाजाचा पूर्ण मार्ग आणि वेळापत्रक सांगणारे संदेश साध्या भाषेत, अनेकदा, सगळ्या पाणबुड्यांना पाठवले गेले. मग निघण्याच्या सुमारास पॅसिफिकमधल्या अमेरिकन पाणबुड्यांचे प्रमुख अॅडमिरल लॉकवुड यांच्या कार्यालयातून सांकेतिक संदेश गेला. त्याचा आशय असा: युद्धकैद्यांचं सामान नेणाऱ्या आवा मारूला सुखरूप जाऊ द्या, ते ३० मार्च ते ४ एप्रिलदरम्यान तुमच्या क्षेत्रांतून जाईल, रात्री दिवे लावलेले असतील, अंगावर पांढरे क्रूस आहेत.

हा संदेश आदेश लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहा. तो सगळ्या पाणबुड्यांना उद्देशून आहे आणि त्यात ‘तुमच्या क्षेत्रांतून’ म्हटलंय. कुठल्या क्षेत्रातून, कुठल्या दिवशी? सहा दिवसांत एक जहाज पॅसिफिकभर पसरलेल्या सगळ्या चौकटींतून कसं जाईल? मार्ग नाही, वेग नाही. शिवाय ओळखीची जी खूण दिली ती डोळ्यांनी दिसण्याची, आणि १९४५ साली कप्तान बहुतेक हल्ले रडारवर करत होते.

१ एप्रिलच्या रात्री तैवानच्या सामुद्रधुनीत दाट धुकं होतं. ‘क्वीनफिश’ या अमेरिकन पाणबुडीच्या रडारवर एक लक्ष्य वेगाने येताना दिसलं. कप्तान लॉफलिन यांनी आकार आणि वेगावरून ती विनाशिका ठरवली. मागच्या नळ्यांतून चार टॉर्पेडो सोडले, चारही लागले. उजळलेले दिवे आणि पांढरे क्रूस धुक्यात कुणालाच दिसले नाहीत. जहाजावरचा एकच माणूस वाचला. तो बोटीवर घेतला तेव्हा कळलं की कुठलं जहाज गेलं ते. मार्ग सांगणारे साध्या भाषेतले संदेश बोटीवर आले होते, पण ते आपल्यासमोर कुणी ठेवलेच नाहीत, असं कप्तानाचं म्हणणं. यात मला आश्चर्य वाटत नाही. साध्या भाषेत आलेलं ते कमी महत्त्वाचं आणि सांकेतिक ते महत्त्वाचं, ही सवय कुठल्याही बिनतारी खोलीत लागलेली असते. त्यामुळे तपशील ज्यात होता तो संदेश बाजूला पडला आणि ज्यात तपशील नव्हता तो कप्तानाच्या हाती आला.

ग्वामला लॉफलिन यांच्यावर कोर्ट मार्शल झालं. तीन आरोपांपैकी दोनांतून सुटले, आदेश पाळण्यात हलगर्जीपणा केल्याचा तिसरा सिद्ध झाला. शिक्षा म्हणून समज देणारं पत्र. निमित्झ यांना ही शिक्षा इतकी अपुरी वाटली की त्यांनी न्यायमंडळाच्या सदस्यांचीच कानउघाडणी केली. लॉकवुड कप्तानाच्या पाठीशी उभे राहिले आणि संदेशाच्या शब्दांची जबाबदारी त्यांनी नाकारली नाही. लॉफलिन पुढे रिअर अॅडमिरल झाले. माझ्या मते त्या रात्रीचा दोष दोन ठिकाणी वाटला जायला हवा होता, आणि त्यातला मोठा वाटा किनाऱ्यावरचा होता.

आदेश मधेच कोण बदलू शकतो, हाही प्रश्न लहान नाही. मे १९८२मध्ये ‘काँकरर’ ही ब्रिटिश अणुपाणबुडी अर्जेंटिनाच्या ‘जनरल बेलग्रानो’ या क्रूझरच्या मागावर होती. क्रूझर फॉकलंड बेटांभोवतीच्या दोनशे मैलांच्या निषिद्ध क्षेत्राबाहेर होती, म्हणून तेव्हाच्या नियमांप्रमाणे मारता येत नव्हती. तिथल्या ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल वुडवर्ड यांनी सरळ पाणबुडीलाच हल्ल्याचा हुकूम दिला. पाणबुडी त्यांच्या अखत्यारीत नव्हती. इंग्लंडमधल्या पाणबुडी मुख्यालयाने तो संदेश उपग्रहावरून काढून टाकला. पण वुडवर्ड यांना जे हवं होतं ते झालं: मंत्रिमंडळाच्या युद्धसमितीने त्याच दिवशी, २ मेला, नियम बदलले आणि रीतसर हुकूम गेला. बेलग्रानोवरचे ३२३ जण गेले. निर्णयाच्या योग्यायोग्यतेवर आजही वाद आहे. आदेशाच्या साखळीपुरतं बोलायचं तर मुख्यालयाने संदेश काढला तेही बरोबर होतं, आणि अधिकार नसताना वुडवर्ड यांनी तो पाठवून वरच्यांना निर्णय घ्यायला लावलं हेही मला समजतं.

साखळी दोन ठिकाणी तुटली तर काय होतं, याचं उदाहरणही पॅसिफिकमध्येच आहे. अमेरिकन टॉर्पेडोचा चुंबकीय स्फोटक, म्हणजे जहाजाच्या लोखंडाची चाहूल लागताच फुटणारी यंत्रणा, बिघडलेला होता, वेळेआधी फुटत होता. जून १९४३मध्ये निमित्झ यांच्या हुकमाने पर्ल हार्बरच्या बोटींनी तो बंद केला. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला असलेले अॅडमिरल ख्रिस्ती यांनी मात्र तो चालूच ठेवायला लावला. त्यामुळे एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाणाऱ्या बोटीवर टॉर्पेडोवाल्यांना मधेच ती यंत्रणा पुन्हा जोडावी लागे. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हे चाललं.

गस्त संपली की शेवटचं कलम: ठरलेल्या दिवशी, किंवा टॉर्पेडो संपले तर त्याआधी, काळोखात क्षेत्र सोडायचं आणि अहवाल द्यायचा. तो अहवाल आदेशाच्या प्रत्येक कलमाला धरून लिहितात. वरचे अधिकारी आपापला शेरा मारून तो पुढे पाठवतात आणि त्याच्या प्रती दुसऱ्या बोटींच्या कप्तानांना वाचायला देतात. पुढचे आदेश त्यातूनच सुधारतात. वाहू ७ फेब्रुवारी १९४३ला पर्ल हार्बरला परतली तेव्हा पेरिस्कोपला झाडू बांधलेला होता, सगळं साफ केल्याची खूण म्हणून. मॉर्टननी अहवालात होड्यांवरच्या गोळीबाराची हकिगतही उघडपणे लिहिली होती. वरिष्ठांचे शेरे कौतुकाचे होते. त्या परिच्छेदावर एकानेही प्रश्न विचारला नाही.